वारलीच्या तासाला कॅमेरा हातावर लावा

वारलीचं पूर्ण झालेलं चित्र मुलांनी शंभरदा पाहिलेलं असतं. कापडी पिशवीवर, हॉटेलच्या भिंतीवर, लग्नपत्रिकेच्या कडेला. न पाहिलेला असतो तो काढणाऱ्याचा हात. आधी कुठला त्रिकोण, काडी किती तिरकी धरली, किती रेघांनंतर पुन्हा तांदळाच्या पिठात बुडवली, पाय ओढताना नुसती बोटं हलली की मनगट, हे चाळीस मुलांच्या वर्गात तिसऱ्या बाकाच्या मागे कुणालाही दिसत नाही. फळ्यावर खडूने काढून दाखवलं तरी अर्धंच काम होतं, कारण खडूची रेघ कोरडी आणि पिठाची ओली. दोन्हींचा वेग वेगळा.

म्हणून मोबाइल, टीव्ही, प्रोजेक्टर यांचं या तासाला मुख्य काम एकच: हात मोठा करून दाखवणं. इंटरनेटवरून ‘वारली बॉर्डर’ उतरवून, छापून, मुलांकडून रंगवून घेणं म्हणजे वारली शिकवणं नाही. प्रोजेक्टरने कागदावर चित्र पाडून गिरवून घेणंही टाळा. गिरवलेली माणसं नीट दिसतात, पण तोच मुलगा दुसऱ्या दिवशी वाकलेला माणूस स्वतः काढू शकत नाही. अंगाचा कल हाताने ठरवायचा असतो, आणि गिरवताना तो आयता मिळालेला असतो.

पुढची पद्धत पाचवी ते आठवीसाठी आहे. ३५ ते ४० मिनिटांच्या सहा तासिका धरा. साधा अँड्रॉइड मोबाइल आणि वर्गातला टीव्ही किंवा प्रोजेक्टर एवढ्यावर भागतं. आवाज, वीज, इंटरनेट यांपैकी काहीतरी त्या दिवशी दगा देणार असं गृहीत धरूनच तयारी करा.

मोबाइल टांगायचा कसा

बाजारात वाकणारे मोबाइल स्टँड मिळतात, पण स्वस्तातले फोनच्या वजनाने हळूहळू खाली येतात आणि दर पाच मिनिटांनी चित्र सरकतं. त्यापेक्षा फळी बरी. टेबलावर ३५ सेंटीमीटर उंचीचं काहीतरी घट्ट ठेवा. उपडी बादली किंवा छोटं स्टूल चालतं. त्यावर ६० ते ७० सेंटीमीटर लांबीची फळी आडवी ठेवून २५ सेंटीमीटर बाहेर काढा. फोन टोकाला उताणा, म्हणजे पडदा वर, कॅमेऱ्याची भिंगं खाली फळीच्या कडेबाहेर, आणि दोन रबरबँडनी बांधलेला. फळीच्या मागच्या टोकावर दोन-तीन किलो वजन हवंच. एक वीट पुरते. ३५ सेंटीमीटर उंचीवरून ए-४ कागद पूर्ण दिसतो आणि भोवती हाताला जागा उरते. बारीक काम दाखवायचं असेल तेव्हा फोन खाली आणू नका, त्याची सावली कागदावर पडते. दुप्पट झूम करा.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. शिक्षक वर्गाकडे तोंड करून बसतात, फोन समोरून लावतात, आणि पडद्यावर हात वरून खाली येताना दिसतो. मुलांना ते चित्र उलटं वाटतं आणि ती डावी-उजवीत गोंधळतात. पडद्यावर हात खालच्या कडेतून वर आला पाहिजे, म्हणजे मूल स्वतःच्याच हाताकडे पाहत असल्यासारखं पाहील. तसं नसेल तर फोन अर्धा फिरवा. सेल्फी कॅमेरा वापरू नका. तो आरशासारखं चित्र दाखवतो.

फोन असा सपाट ठेवला की त्याला आडवं-उभं कळेनासं होतं आणि चित्रीकरण उभ्या चौकटीत सुरू होतं. उपाय सोपा आहे: फोन हातात लांबीने आडवा, पण पडदा तोंडासमोर धरून कॅमेरा सुरू करा, पडदा आडवा झाला की ‘ऑटो रोटेट’ बंद करा, मग फळीवर ठेवा. रेकॉर्डिंग करताना फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच आलेला फोन सगळं थांबवतो. टीव्हीला वायफायने जोडलं असेल तर एअरप्लेन मोड लावल्यावर तेवढं वायफाय परत चालू करा.

उजेड खिडकीचा घ्या, आणि तो उजव्या हाताने काढणाऱ्याच्या डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली रेघेवर पडत नाही. ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर किंवा बँडिंग या नावाचा पर्याय शोधून तो ५० हर्ट्झवर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे.

वारलीत आणखी एक खास अडचण येते. जमीन गडद गेरूची आणि रेघ पांढरी. गडद पृष्ठभाग दिसला की फोन आपणहून उजेड वाढवतो, गेरू नारिंगी होतो आणि पांढऱ्या रेघा फुगून एकमेकींत मिसळतात. कंबरेचा बिंदू, जिथे दोन त्रिकोण भेटतात, तोच नेमका दिसत नाही. कागदाच्या मध्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही ‘लॉक’ होतील. मग बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. गेरू डोळ्यांना दिसतो तसा विटकरी दिसला की थांबा. लॉक केल्याचा दुसरा फायदा असा, की हात चौकटीत आला तरी फोकस हातावर उडी मारत नाही.

फोनपासून टीव्हीपर्यंत

टाइप-सी ते एचडीएमआय ही वायर सर्वांत भरवशाची, पण तिच्यातून चित्र बाहेर देण्याची सोय स्वस्त फोनमध्ये बहुधा नसते. वायर विकत घेण्याआधी तुमच्या मॉडेलला ती चालते का ते पाहा. स्मार्ट टीव्ही असेल तर ‘स्क्रीन कास्ट’ चालतं. बऱ्याच टीव्हींना त्यासाठी इंटरनेटची गरज नसते, फोन आणि टीव्ही थेट जोडले जातात. त्यात चित्र थोडं उशिरा पोहोचतं. म्हणून रेघ ओढताना ‘हे बघा’ म्हणू नका. रेघ ओढा, टीव्हीवर उमटू द्या, मग बोला.

शाळेत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर असेल तर ‘एससीआरसीपीवाय’ ही मोफत प्रणाली लॅपटॉपवर टाका. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’खाली बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा, चार्जिंगची वायर लॅपटॉपला लावा, आणि फोनचा पडदा लॅपटॉपवर येतो. उशीर जाणवत नाही आणि वायफायही लागत नाही. काम झालं की डीबगिंग बंद करा.

प्रोजेक्टर असेल तर वर्ग अंधारा करण्याचा मोह होतो. पण मुलांना स्वतःचा कागद दिसला पाहिजे. पडद्याजवळच्या दोन खिडक्या झाका, मागच्या उघड्या ठेवा.

गेरू आणि पीठ

पोस्टर कलरने वारली निघते, आणि घाईच्या दिवशी ती काढायला हरकत नाही. पण एक तरी चित्र मुलांनी तांदळाच्या पिठाने काढावं, कारण या चित्राची रेघ त्या पिठाच्या स्वभावातून आली आहे.

एक वाटी तांदूळ रात्रभर भिजवा, मिक्सरमधून किंवा पाट्यावर अगदी गंधासारखे वाटा, पातळ फडक्यातून गाळा. अर्धा तास ठेवलं की पीठ खाली बसतं. वरचं पाणी ओतून टाका. चमचाभर बाभळीचा डिंक वेगळा भिजवून त्यात मिसळा. चाळीस मुलांना एवढं भरपूर होतं. घट्टपणा पाहायची खूण: काडी बुडवून उचलली की एक थेंब टोकाला लोंबावा, लगेच पडू नये. दुकानातलं तयार तांदळाचं पीठ वापरलंत तर रवाळ कण काडीच्या टोकाशी अडकतात आणि रेघ तुटक येते. डिंक विसरलात तर वाळल्यावर पीठ पापुद्रे धरून झडतं. कालवलेलं पीठ दुसऱ्या दिवशी आंबतं, त्यामुळे त्या दिवशीचं त्या दिवशीच संपवा.

जमिनीसाठी पाव किलो गेरू, साधारण पावणेचारशे मिलिलीटर पाणी आणि चार-पाच मोठे चमचे फेविकॉल. चाळीस ए-४ कागदांवर दोन हात देता येतात. कागद जाड हवा, २०० जीएसएमच्या आसपास; पातळ कागद गेरू लागताच गुंडाळतो आणि कॅमेऱ्याखाली त्याचा अर्धा भाग धूसर दिसतो. थोडा ओलसर असतानाच पुस्तकांखाली दाबून ठेवा. वाळल्यावर कोरडं बोट घासून पाहा: बोट लाल झालं तर फेविकॉल कमी पडला. उलट कागद चकाकत असेल तर जास्त झाला, आणि ती चकाकी पडद्यावर पांढरा डाग होऊन येते.

काडी बांबूची, आगपेटीच्या काडीएवढी जाड आणि वीतभर लांब. टोक पाण्यात भिजवून दगडाने हलकं ठेचलं की तंतू सुटतात आणि कुंचला तयार होतो. बारीक हातापायांसाठी खराट्याचा हीर चालतो.

पिठाची एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर बसण्याआधी स्वतः करून पाहा. ओली रेघ जवळजवळ पारदर्शक दिसते. गेरूवर फक्त एक ओलसर फिकट पट्टा. मिनिट-दोन मिनिटांत पाणी उडतं तशी ती कडांपासून आत पांढरी होत जाते. मुलांना वाटतं रेघ उमटलीच नाही, आणि ती तिच्यावरून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा काडी फिरवतात. वाळल्यावर हात-पाय दोरखंडासारखे जाड निघतात. म्हणून पहिल्या तासाच्या सुरुवातीला एकच रेघ काढा, झूम दुप्पट करा आणि ती पांढरी होईपर्यंत सगळ्या वर्गाला नुसती पाहू द्या. ती दोन मिनिटं वाया जात नाहीत.

चित्रफितींचा साठा

थेट दाखवणं चांगलंच, पण आधी तयार केलेल्या छोट्या फिती असल्या की वीज गेल्यावरही मोबाइलवर दहा-दहा मुलांचे गट करून दाखवता येतं. एक फीत म्हणजे एकच क्रिया, ४० ते ९० सेकंद. १०८०पीवर एका मिनिटाला साधारण शंभर ते दीडशे एमबी जागा लागते. रिकामी जागा आधी तपासा. पुढच्या सात फिती पुरतात:

१. काडी ठेचणं, बुडवणं, कडेला निथळणं.
२. एकमेकांच्या टोकावर उभे दोन त्रिकोण.
३. तेच त्रिकोण कलते: चालणारा, वाकलेला, ओढणारा.
४. पाय, मग हात, शेवटी डोक्याचा ठिपका. बाईला मागे अंबाड्याचा छोटा ठिपका.
५. झाड: खोड खालून वर, फांद्या, मग पानांचे बारीक फटकारे.
६. बैल, कोंबडी, मुंग्यांची रांग.
७. तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा आणि हातात हात गुंफलेले नाचणारे.

फिती जलद करू नका. टाइमलॅप्स पाहायला छान वाटतो, पण मूल पाहिलेल्या वेगाने काढायला जातं आणि पीठ सांडतं. संगीतही लावू नका. काडी कागदावर घासल्याचा आवाज आणि तुमचं एखादं वाक्य पुरे.

फीत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते, आणि बारीक पांढऱ्या रेघा आधी फुटतात.

लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर असेल तर एक चांगली सोय हाताशी येते. डावखुऱ्या मुलांना उजव्या हाताची फीत पाहून काढताना दर वेळी मनात उलटापालट करावी लागते. व्हीएलसीच्या टूल्स मेनूत इफेक्ट्स अँड फिल्टर्स, तिथे व्हिडिओ इफेक्ट्स, मग जॉमेट्री, त्यात ट्रान्सफॉर्म निवडून ‘फ्लिप हॉरिझॉन्टली’ करा. तोच हात आता डावा दिसतो. त्यांच्यासाठी पाच मिनिटं ती फीत वेगळी लावा. त्याच प्लेअरमध्ये वजा चिन्हाची कळ वेग कमी करते आणि बरोबर (=) चिन्हाची कळ मूळ वेगावर आणते.

तासिका कशी चालवावी

पहिल्या तासाला फक्त दोन त्रिकोण. दुसरी फीत एकदा सलग दाखवा, दुसऱ्यांदा वरचा त्रिकोण पूर्ण होताच थांबवा आणि विचारा: आता काडी कुठे टेकेल? मुलं हवेत बोटाने दाखवतील. मग पुढे चालू करा. हा थांबा महत्त्वाचा आहे. नुसतं पाहत राहिलं की डोळा शेवटच्या चित्राकडे धावतो आणि क्रम विसरतो.

तिसऱ्या फितीला जास्त वेळ द्या. वारली माणसाच्या चेहऱ्यावर डोळे-नाक नसतं, कपड्यांना घड्या नसतात. त्याचं सगळं बोलणं दोन त्रिकोणांच्या कलात असतं. वरचा त्रिकोण थोडा पुढे झुकला की माणूस चालायला लागतो, बराच झुकला की भात लावतो, मागे रेलला की दोर ओढतो. प्रत्येक मुलाने कंबरेचा एक बिंदू धरून वरचा त्रिकोण वेगवेगळ्या कोनांत असलेले बारा माणूस काढावेत. शेजारच्याने फक्त बघून ओळखायचं, हा काय करतोय.

मग मोबाइल मुलांच्या हाती द्या. जोड्या करा: एकाने काढायचं, दुसऱ्याने खांद्यावरून हाताचं तीस सेकंदांचं चित्रीकरण करायचं. लगेच ते आणि मूळ फीत पाठोपाठ पाहायची. कंबर जाड का आली याचं उत्तर मुलांना त्यातच सापडतं: त्रिकोणाच्या टोकाशी काडी थांबली आणि पीठ साचलं. टोकाकडे येताना काडी उचलत आणायची असते. हात कंबरेतून फुटलेले असतील तर सांगा की ते वरच्या त्रिकोणाच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून निघतात. पेन्सिलने आधी आराखडा काढू देऊ नका. पिठाखालून पेन्सिल करडी दिसत राहते, आणि मुलं पुन्हा गिरवायला लागतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली ‘वारली शैलीतली’ चित्रं नमुना म्हणून दाखवू नका. त्यांत बऱ्याचदा सावल्या असतात, सगळी माणसं एका साच्यातली असतात, तारप्याच्या जागी भलतंच वाद्य येतं. दाखवायचीच तर अखेरच्या तासाला दाखवा, आणि मुलांना चुका शोधू द्या. तोवर त्यांना त्या दिसायला लागलेल्या असतात.

चौकाबद्दल

लग्नघरात भिंतीवर काढला जाणारा चौक ही पूजेची गोष्ट आहे. त्यात पालघट देवी असते, शेजारच्या छोट्या चौकात पंचशिऱ्या देव असतो. चौक सवासिनी काढतात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, त्या वेळची गाणी म्हणते. १९७०च्या दशकात डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी रोजच्या जगण्याची चित्रं कागदावर काढायला सुरुवात केली. त्यातून वारली जगभर गेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शाळेच्या कागदावर आपण काढतो ती ही शेतीची, मासेमारीची, नाचाची चित्रं. चौक मुलांना फोटोत दाखवा, त्याचा अर्थ सांगा. पण त्याची बॉर्डर करू नका, देवीला अ‍ॅनिमेशनमध्ये नाचवू नका. वर्गात वारली कुटुंबातलं मूल असेल तर त्याच्या घरच्यांना आधी विचारा. बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा जास्त माहिती तिथूनच येईल.

तारप्याचं चाक

तारपा म्हणजे वाळवलेला दुधी आणि बांबू यांचं फुंकवाद्य. वाजवणारा मध्ये आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती. मुलांना हे चित्र हलताना पाहायला फार आवडतं, आणि ते फक्त सहा फोटोंत हलवता येतं. पूर्ण सिनेमा करायला गेलं की शंभर फोटो लागतात आणि चाळिसाव्या फोटोला कुणाचा तरी कोपर लागतो. त्यामुळे सुरुवात चाकाने करा.

गेरू लावलेल्या जाड कागदाची ९ सेंटीमीटर त्रिज्येची चकती कापा. तिच्यावर ७ सेंटीमीटर त्रिज्येचं फिकट वर्तुळ काढा आणि कोनमापकाने दर ३० अंशांवर खूण करा. बारा खुणांवर बारा नाचणारे, सगळे एकाच बाजूला तोंड करून, शक्य तितके सारखे. दोघांमध्ये साधारण ३.७ सेंटीमीटर अंतर येतं, हात गुंफायला तेवढं बरोबर आहे. पुठ्ठ्यावर दुसरा गेरू कागद चिकटवा, मध्यभागी टाचणीने चकती अशी बसवा की ती सैल फिरेल. तारपावाला पाच सेंटीमीटरच्या वेगळ्या चकतीवर काढून टाचणीच्या डोक्यावर चिकटवा. तो जागेवर राहतो. चकतीच्या कडेला एक बाण आणि बाहेर पुठ्ठ्यावर ०, ५, १०, १५, २०, २५ अंशांच्या सहा खुणा. कडेपाशी ५ अंश म्हणजे साधारण ८ मिलिमीटर.

बाण शून्यावर ठेवून पहिला फोटो, पाचवर दुसरा, असे २५पर्यंत सहा. सातवा काढायचाच नाही, कारण ३० अंशांवर प्रत्येक नाचणारा पुढच्याच्या जागेवर पोहोचतो आणि चित्र पहिल्या फोटोसारखंच होतं. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ अ‍ॅपमध्ये वेग सेकंदाला १२ फोटो ठेवा, हे सहा फोटो बारा वेळा जोडा. ७२ फोटो, सहा सेकंद, आणि डोळ्यांना एक पूर्ण फेरी दिसते.

बिघडतं कुठे? उजेड लॉक केला नाही तर चित्र लुकलुकतं. शटरवर बोट टेकवल्याने फोन हलतो. दोन सेकंदांचा टायमर लावा, किंवा वायरचे इयरफोन जोडून त्यावरच्या आवाजाच्या बटणाने फोटो काढा, बऱ्याच फोनमध्ये ते चालतं. नाचणाऱ्यांमधलं अंतर कमी-जास्त असेल तर फेरीत एखादा उडी मारताना दिसतो. तो शोधून खरवडा आणि पुन्हा काढा. चकती २५-२५ अंशांनी फिरवली तर नाच उलटा जाताना दिसतो, कारण डोळा प्रत्येकाला जवळच्या जागेवरच शोधतो आणि जवळची जागा पाच अंश मागे असते. हे मुद्दाम करून पाहा. चित्रपटात गाडीचं चाक उलटं फिरताना का दिसतं, ते मुलांना इथे स्वतःच्या हाताने कळतं.

या चाकात नाचणारे घसरत जातात, पावलं टाकत नाहीत. पावलं हवी असतील तर दुसरी चकती करा: माणसं त्याच कोनांवर, पण गुडघे वाकलेले. दोन्ही चकत्या एकावर एक ठेवून खुणा टाचणीने टोचून घ्या. पहिले तीन फोटो पहिल्या चकतीचे, पुढचे तीन दुसरीचे, अंश मात्र सलग. अर्ध्या सेकंदात एक वाकणं आणि एक उठणं मिळतं.

खरा तारपा नाच मात्र असा बंद वर्तुळात अडकलेला नसतो. साखळी गुंडाळते, उलगडते, वाजवणाऱ्याच्या मागे मागे जाते. आठवीची मुलं सुटे कापलेले वीस नाचणारे घेऊन दोन तासिकांत ९६ फोटोंची आठ सेकंदांची गुंडाळी करू शकतात. प्रत्येक फोटोला प्रत्येकजण ५ मिलिमीटर पुढे, वाट आधी पेन्सिलने आखलेली.

कलाकाराबरोबर तास

डहाणू, जव्हार, विक्रमगड, तलासरी, मोखाडा या भागांत काम करणारे अनेक वारली चित्रकार आहेत. त्यांना व्हिडिओ कॉलवर बोलवा, आणि प्रत्यक्ष आल्यावर जे मानधन दिलं असतं तेच द्या. फोनवर आहे म्हणून फुकट नको. तासाभराच्या कॉलला साधारण एक जीबी डेटा जातो, त्याचा रिचार्ज वेगळा धरा. डोंगरपट्ट्यात रेंज जाते, म्हणून हाताचं दहा मिनिटांचं चित्रीकरण आधीच मागवून ठेवा आणि कॉल प्रश्नोत्तरांसाठी ठेवा. ते भिंतीवर काढत असतील तर फोन वरून नको; उजव्या हाताने काढत असतील तर डाव्या बाजूला, दोन फुटांवर, खांद्याच्या उंचीला.

तारपा ऐकवायचा असेल तर झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करायला वाजवणाऱ्या बाजूला सांगा. नाहीतर तारप्याचा सलग सूर अ‍ॅपला गोंगाट वाटतो आणि ते तो दाबून टाकतं. मुलांना तुटक फुंकर ऐकू येते.

रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या: शाळेत दाखवायला, यूट्यूबवर टाकायला, दोन्हीसाठी वेगळी. वारली चित्रकलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण कलाकाराचं नाव लिहिण्यासाठी त्याची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक फितीच्या पहिल्या तीन सेकंदांत नाव आणि गाव दिसू द्या, आणि फाइलच्या नावातही ते घाला: ‘तारपा-नाच_कलाकाराचं नाव_गाव_तारीख’. वर्षभराने ‘व्हिडिओ ००४७’ कुणाचा होता हे कुणालाच आठवत नाही.

मुलांची चित्रं जपताना

ए-४ चित्र ३०० डीपीआयला म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, सुमारे ९ मेगापिक्सेल. १२ मेगापिक्सेलचा फोन पुरतो, स्कॅनर लागत नाही. त्याच फळीवरून फोटो काढा, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका. स्कॅन करणारी अ‍ॅप वापरलीत तर फिल्टर ‘ओरिजिनल’ ठेवा. बाकीचे फिल्टर गेरूला काळा किंवा भडक लाल करतात. चौकटीच्या कडेला कोऱ्या पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवा, पुढे रंग दुरुस्त करताना तिचा आधार मिळतो.

प्रदर्शनात प्रत्येक चित्राशेजारी त्या मुलाच्या हाताच्या फितीचा क्यूआर कोड लावा. फीत यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवा, चेहरा चौकटीत येऊ देऊ नका, पालकांची सही आधी घ्या. कोड निदान ३ सेंटीमीटरचा छापा आणि गेरूवर नव्हे, पांढऱ्या कागदावर. गडद पार्श्वभूमीवर पांढरा कोड काही फोन वाचत नाहीत. लावल्यावर दोन वेगवेगळ्या फोननी वाचून पाहा. सगळ्या फितींची एक प्रत शाळेच्या पेन ड्राइव्हवर आणि दुसरी कलाकाराकडे पाठवा, पुन्हा डॉक्युमेंट म्हणून.